कृष्णविवराची धग

कृष्णविवर म्हटले की आपल्या मनात गिळण्याचेच चित्र उभे राहते. बातम्यांचे मथळे त्याला राक्षस म्हणतात, आणि विज्ञानाची आवड असणारा वाचकही ‘त्यातून प्रकाशसुद्धा सुटत नाही’ या वाक्यापाशी थांबतो. वाक्य खरे आहे, पण ते कृष्णविवराच्या सीमेच्या आतल्या प्रदेशाबद्दल आहे. सीमेच्या बाहेर, अगदी लगत, जे घडते त्याची कथा वेगळी आहे. दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू सगळाच आत जात नाही. तो तबकडीसारखा फिरू लागतो, घर्षणाने आणि चुंबकीय क्षेत्रांनी तापतो, प्रखर प्रकाश देतो. आणि त्याचा काही भाग वाऱ्यांच्या आणि झोतांच्या रूपाने प्रचंड वेगाने परत बाहेर फेकला जातो. दीर्घिकेत पुढे नवे तारे जन्मणार की नाहीत, हे ठरवण्यात या बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा वाटा फार मोठा असतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील खगोलशास्त्राचा हा एक मोठा निष्कर्ष आहे.

या निष्कर्षाबरोबर मात्र एक नवे ठोकळेबाज चित्रही रूढ झाले. क्वेसार, म्हणजे वायू ओढून घेत प्रखर तळपणारे केंद्रातील कृष्णविवर, पेटतो, त्याचा वारा दीर्घिकेतला सगळा वायू एका फटकाऱ्यात झाडून नेतो, आणि दीर्घिका मरते. जुन्या चित्रातला गिळणारा राक्षस जाऊन त्याच्या जागी स्फोट घडवणारा राक्षस आला, इतकाच फरक. हे दुसरे चित्रही पहिल्याइतकेच अपुरे आहे, असे मला वाटते. आज हाती असलेला पुरावा नीट तोलला तर कृष्णविवराचे सामर्थ्य एका तडाख्यापेक्षा अब्जावधी वर्षे पुन्हा पुन्हा दिल्या जाणाऱ्या धगीत अधिक दिसते.

आधी हे सामर्थ्य येते कुठून ते पाहू. १९१८ मध्ये हेबर कर्टिस यांनी अमेरिकेतील लिक वेधशाळेतून कन्या तारकासमूहातील एम८७ या दीर्घिकेचे छायाचित्र तपासताना तिच्या केंद्रातून निघणारा एक सरळ किरण नोंदवला. तो काय आहे हे सांगण्याचे साधन तेव्हा नव्हते. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूच्या वर्णपटावरून दाखवून दिले, की तो बिंदू दोन अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास दूर आहे आणि संपूर्ण दीर्घिकेपेक्षा कितीतरी तेजस्वी आहे. एवढी ऊर्जा एवढ्याशा जागेतून येत असेल, तर ताऱ्यांच्या पोटातील अणुसंमीलन पुरे पडणार नव्हते. हायड्रोजनच्या संमीलनात वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्के भाग ऊर्जा बनतो. कृष्णविवराकडे घरंगळणाऱ्या वायूतून मात्र साधारण दहा टक्के ऊर्जा मिळू शकते. कर्टिस यांना दिसलेल्या किरणाच्या मुळाशी सूर्याच्या साडेसहा अब्ज पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे आणि २०१९ मध्ये त्याच्या सावलीचे चित्रही जगाने पाहिले.

आता एक साधा हिशेब करू. दहा कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर घ्या. त्याचा आकार इतका लहान, की ते गुरूच्या कक्षेत आरामात मावेल. त्याच्याभोवतीची दीर्घिका हजारो प्रकाशवर्षे पसरलेली. तरीही, ते कृष्णविवर वाढताना बाहेर पडलेली एकूण ऊर्जा काढली, तर दीर्घिकेच्या मध्यवर्ती फुगवट्यातील शंभर अब्ज ताऱ्यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या शंभर पटींहून ती अधिक भरते. म्हणजे तिचा एखादा टक्का जरी वायूला लागू पडला, तरी दीर्घिकेचा कायापालट व्हावा.

असा संबंध असावा याची खूणही सापडली. २००० मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखवले, की कृष्णविवराचे वस्तुमान आणि फुगवट्यातील ताऱ्यांच्या वेगांचा पसारा यांच्यात घट्ट नाते आहे. जे तारे कृष्णविवराच्या गुरुत्वाकर्षणाच्या टप्प्यातच नाहीत, त्यांच्या वेगांवरून कृष्णविवराचे वजन सांगता येते. जोसेफ सिल्क आणि मार्टिन रीस यांनी १९९८ मध्येच एक कारण सुचवले होते: कृष्णविवर वाढत वाढत इतके तेजस्वी होते, की त्याचा वारा भोवतीचा वायू ढकलून देतो, मग दीर्घिकेची वाढही थांबते आणि कृष्णविवराचीही.

इथे फार जपून पाऊल टाकायला हवे, कारण क्षमता म्हणजे कृती नव्हे. ऊर्जा पुरेशी आहे एवढ्यावरून ती योग्य ठिकाणी पोहोचली असे सिद्ध होत नाही. प्रकाश विरळ भागांतून निसटून जाऊ शकतो. अरुंद झोत भोवतालच्या वायूला भोक पाडून आरपार निघून जाऊ शकतो. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एकीने दुसरीला आवर घातला असेही म्हणता येत नाही. दोहोंना एकाच साठ्यातून वायू मिळाला असेल. संगणकीय सिम्युलेशनमध्ये कृष्णविवराची ऊर्जा घातली नाही तर फार मोठ्या, फार ताऱ्यांच्या दीर्घिका तयार होतात, आणि ती घातली की आकडे जुळतात, हे खरे आहे. पण आकडे जुळावेत म्हणूनच ती ऊर्जा किती घालायची हे ठरवलेले असेल, तर त्या जुळण्याला पुराव्याचे पूर्ण मोल देता येत नाही. म्हणून प्रश्न थेट वायूलाच विचारायला हवा.

वायूने दिलेले पहिले उत्तर तडाख्याच्या बाजूचे वाटते. सुमारे साठ कोटी प्रकाशवर्षांवरच्या मार्कारियन २३१ या दीर्घिकेतून रेणुरूप थंड वायू, म्हणजे ज्यातून तारे बनतात तो कच्चा मालच, वर्षाला सुमारे ७०० सूर्यांइतक्या प्रमाणात बाहेर पडत असल्याचे २०१० मध्ये आढळले. ताऱ्यांच्या निर्मितीत खर्च होणाऱ्या वायूपेक्षा हे प्रमाण अधिक आहे. कृष्णविवराच्या अगदी जवळून निघणारे वारे याहून भयंकर. क्ष-किरणांच्या वर्णपटातील लोहाच्या रेषा त्यांचा वेग सांगतात. पीडीएस ४५६ या क्वेसारचा वारा प्रकाशाच्या वेगाच्या पाव पटीच्या आसपास धावतो आणि २०१५ मध्ये तो जवळजवळ सर्व दिशांना पसरतो असेही दिसून आले. तडाख्याच्या सिद्धांताला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण होते.

पण याच साक्षीदाराने पुढे वेगळी साक्ष दिली. २०२३ मध्ये सोडलेल्या एक्सरिझम या जपानी क्ष-किरण उपग्रहाने पीडीएस ४५६चा वर्णपट कधी नव्हे इतक्या बारकाईने टिपला आणि २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वारा एकसंध नव्हता. वेगवेगळ्या वेगांनी सुटलेले किमान पाच वेगळे पुंजके त्यात दिसले. त्यांची एकूण ऊर्जा अवाढव्य, तर त्याच दीर्घिकेत दूरवर बाहेर पडताना दिसणाऱ्या वायूची ऊर्जा तिच्या हजाराव्या भागाहूनही कमी. म्हणजे एक तर हा वारा फार थोडा काळ वाहतो, किंवा त्याचे पुंजके दीर्घिकेतील वायूच्या फटींतून निघून जातात आणि बहुतांश वायूला धक्काही लागत नाही. काहीही असो, वाऱ्याच्या जोरावरून दीर्घिकेवरचा परिणाम थेट मोजता येत नाही, हे आता नाकारता येणार नाही.

तडाख्याच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद उरतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जेम्स वेब दुर्बिणीने विश्वाच्या बाल्यावस्थेत, आरंभानंतर दोन अब्ज वर्षांच्या आसपास, ताऱ्यांची निर्मिती जवळजवळ थांबलेल्या मोठ्या दीर्घिका दाखवल्या. त्यांपैकी जीएस-१०५७८ या दीर्घिकेतून थंड, उदासीन वायू बाहेर पडताना दिसला आणि तो नव्या ताऱ्यांत खर्च होणाऱ्या वायूपेक्षा जास्त होता. याचे श्रेय केंद्रातील कृष्णविवराला द्यावे लागते. तेव्हा सुरुवातीला असे जोरदार रेचन होत असावे, हे मी मान्य करतो. पण त्याने अर्धाच प्रश्न सुटतो. वायू एकदा बाहेर टाकला तरी मोठ्या दीर्घिकेभोवती तप्त वायूचे विशाल आवरण असते. ते निवते, खाली उतरते, आणि पुन्हा तारे बनू शकतात. आपल्या काळातील महाकाय लंबगोल दीर्घिका दहा अब्ज वर्षे जवळजवळ वांझ राहिल्या आहेत. एकदा झालेल्या प्रहाराने दहा अब्ज वर्षांचा वांझपणा समजावून देता येत नाही. त्यासाठी काहीतरी सतत चालू असावे लागते.

ते काय आहे, याचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा दीर्घिकासमूहांत मिळाला. ययाति तारकासमूहातील, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवरचा दीर्घिकासमूह घ्या. त्याच्या गाभ्यात कोट्यवधी अंश तापमानाचा वायू क्ष-किरण देत आपली उष्णता गमावतो आहे. या गतीने वर्षाला शेकडो सूर्यांइतका वायू निवून मध्यवर्ती दीर्घिकेवर कोसळायला हवा होता आणि तिथे ताऱ्यांचा पूर यायला हवा होता. तसे दिसत नव्हते. २००१ मध्ये एक्सएमएम-न्यूटन उपग्रहाच्या वर्णपटांनी वेगवेगळ्या दीर्घिकासमूहांबद्दल तेच सांगितले: निवत जाणाऱ्या वायूच्या ज्या रेषा ठळक दिसायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. कोणीतरी हा वायू ऊबदार ठेवत होते.

चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रांनी ते कोण हे दाखवले. ययातीतील मध्यवर्ती दीर्घिका एनजीसी १२७५ हिच्या दोन बाजूंना तप्त वायूत काळ्या पोकळ्या आहेत आणि रेडिओ दुर्बिणींतून पाहिले तर त्या पोकळ्या कृष्णविवराच्या झोतांनी भरलेल्या दिसतात. झोतांनी वायू बाजूला सारून बुडबुडे फुगवले आहेत आणि ते वर तरंगत चालले आहेत. या पुराव्याची थोरवी अशी, की इथे सिम्युलेशनवर विसंबावे लागत नाही. भोवतीच्या वायूचा दाब ठाऊक आहे, पोकळीचे घनफळ मोजता येते. दोहोंच्या गुणाकारातून बुडबुडा फुगवायला किती काम पडले ते निघते. तो वर यायला किती काळ लागला हे कळले की शक्ती निघते. अनेक दीर्घिकासमूहांत हा हिशेब केला गेला आणि झोतांची शक्ती वायूने गमावलेल्या उष्णतेच्या बरोबरीची निघाली. खगोलशास्त्रात जमा आणि खर्च इतके जवळ येण्याचे प्रसंग विरळाच.

ही ऊर्जा वायूत कशी मुरते, हे पाहताना तडाख्याची कल्पना पार मागे पडते. अँड्र्यू फेबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००३ मध्ये ययातीच्या वायूत वर्तुळाकार तरंग दिसले. ते ध्वनिलहरींचे तरंग होते आणि त्यांचा आवर्तनकाल सुमारे एक कोटी वर्षांचा. २०१६ मध्ये हितोमी उपग्रहाने याच वायूचा वेग मोजला. तो उपग्रह सोडल्यानंतर सुमारे पाच आठवड्यांतच निकामी झाला, पण तेवढ्यात त्याने दिलेले मोजमाप अमोल आहे. ज्या वायूत कृष्णविवर अखंड बुडबुडे सोडत आहे, त्या वायूची खळबळ सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर एवढीच निघाली आणि त्या हालचालीचा दाब उष्णतेच्या दाबाच्या चार टक्क्यांच्या आसपास. अपेक्षेपेक्षा तो वायू कितीतरी शांत होता. निखाऱ्यावर ठेवलेल्या दुधासारखा: उतू जात नाही आणि निवतही नाही.

या संथपणामागे नियमनाची एक साखळी आहे. वायू निवला की त्याचे तुकडे केंद्राकडे पडतात. कृष्णविवराला अन्न मिळते आणि झोत जोर धरतात. झोतांनी वायू तापला की पडणे थांबते, कृष्णविवर उपाशी राहते, झोत मंदावतात, आणि वायू पुन्हा निवू लागतो. इथे कोणाची इच्छा नाही, योजना नाही. तरीही गुरूच्या कक्षेएवढी वस्तू लाखो प्रकाशवर्षांच्या वायूचे तापमान सांभाळते, कारण त्या वायूची अवस्थाच तिचे अन्न ठरवते. दीर्घिकेच्या भवितव्याचा खुलासा मला या साखळीत दिसतो.

यावर कोणी विचारेल, मग तेजस्वी क्वेसार असलेल्या दीर्घिकांत ताऱ्यांची निर्मिती मंदावलेली दिसते का? बहुतेकदा तसे दिसत नाही. अनेक क्वेसारांच्या दीर्घिका वायूने भरलेल्या आहेत आणि त्यांत तारेही जोमाने जन्मत आहेत. याचे एक कारण काळाच्या मापात आहे. कृष्णविवर लाखभर वर्षांत पेटते आणि विझते. २००७ मध्ये हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला गॅलेक्सी झू या लोकसहभागाच्या प्रकल्पातील छायाचित्रांत सापडलेला हिरवट मेघ त्याची साक्ष देतो. शेजारच्या दीर्घिकेतील क्वेसार आता मंदावला आहे, पण त्याच्या जुन्या प्रकाशाने हा मेघ अजून उजळलेला दिसतो. ताऱ्यांची निर्मिती मंदावायला याउलट कोट्यवधी वर्षे लागतात. त्यामुळे आज कृष्णविवर किती तेजस्वी आहे यावरून दीर्घिकेचे भवितव्य कळत नाही. जवळच्या विश्वातील दीर्घिकांची मोठी सर्वेक्षणे सांगतात, की दीर्घिकेतील ताऱ्यांची निर्मिती थांबलेली आहे की नाही याचा सर्वांत चांगला अंदाज कृष्णविवराच्या वस्तुमानावरून येतो; आणि वस्तुमान म्हणजे त्याने आयुष्यभरात दिलेल्या ऊर्जेची एकूण बेरीज. कृष्णविवराचे बहुतेक वस्तुमान तेजस्वी टप्प्यांतच जमा झालेले असते, त्यामुळे हा एकटा पुरावा धगीचा पक्ष सिद्ध करत नाही. पण एखाद्या क्षणाच्या उद्रेकापेक्षा संचिताला महत्त्व आहे, एवढे तो ठामपणे सांगतो.

सिम्युलेशन करणाऱ्यांनाही हाच धडा मिळाला. २०१४ च्या इलस्ट्रिस प्रकल्पात मंद भक्षण करणारे कृष्णविवर अधूनमधून फार जबर बुडबुडे सोडत असे. दीर्घिकांतील निर्मिती त्याने काही प्रमाणात रोखली, पण दीर्घिकांच्या गटांभोवतीचा वायूच उधळून गेला. प्रत्यक्षात दिसतो त्याहून तिथे फार कमी वायू उरला. पुढच्या आवृत्तीत ही पद्धत बदलून वाऱ्याच्या रूपाने ऊर्जा द्यावी लागली. अति जोर लावला की उत्तर चुकते.

मग स्फोटांची चित्रेच आपल्याला एवढी का दिसतात? कारण भडक गोष्टी आधी नजरेत भरतात. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. भुजंगधारी तारकासमूहात ३९ कोटी प्रकाशवर्षांवर एक दीर्घिकासमूह आहे. त्याच्या तप्त वायूत एक विचित्र वक्र कडा असल्याचे २०१६ मध्ये क्ष-किरणांच्या चित्रांत दिसले होते. ती एखाद्या प्रचंड पोकळीची कडा असू शकते, हे तेव्हाच्या संशोधकांच्या मनात आले, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा अविश्वसनीय वाटल्याने त्यांनी ती शक्यता बाजूला ठेवली. २०२० मध्ये नारायणगावजवळच्या खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आणि ऑस्ट्रेलियातील मर्चिसन वाइडफील्ड ॲरे यांच्या निरीक्षणांनी ती पोकळी रेडिओ लहरी देणाऱ्या जुन्या द्रव्याने भरलेली असल्याचे दाखवले. आधीच्या विक्रमाच्या सुमारे पाचपट ऊर्जेचा तो उद्रेक होता. जगभरच्या बातम्यांनी त्याला महास्फोटानंतरचा सर्वांत मोठा स्फोट म्हटले. पण याच चमूतील शास्त्रज्ञांनी सांगितले होते, की हा स्फोट अतिशय संथ होता, कोट्यवधी वर्षे चाललेला. ऊर्जेचा विक्रम करणारी घटनासुद्धा तडाख्याची नव्हती!

ती पोकळी खोडदच्या दुर्बिणीला दिसली याला कारण आहे. झोतांतून सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरी देतात. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी थकतात. म्हणून जुन्या बुडबुड्यांचा आवाज वरच्या वारंवारतांवर विरून जातो आणि खालच्या वारंवारतांवर टिकतो. गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरून जी दुर्बीण उभी केली, ती नेमकी याच वारंवारतांची आहे. क्वेसारचा आजचा लखलखाट पाहायला इतर अनेक दुर्बिणी आहेत. कृष्णविवराने पूर्वी काय केले, पुन्हा किती वेळा केले, हे विचारायचे तर जुन्नर तालुक्यातील या तारांच्या जाळ्यांकडे यावे लागते. बाहेर जुन्या आणि आत नव्या अशा झोतांच्या दोन जोड्या असलेल्या दीर्घिका या दुर्बिणीने अभ्यासल्या आहेत. एकच कृष्णविवर विझून पुन्हा पेटल्याचा तो लेखी दाखलाच.

आणखी एक गोष्ट तडाख्याच्या कथेत बसत नाही. बाहेर पडणारा वायू नेहमी मारकच असतो असे नाही. हेनाइझ २-१० या छोट्या दीर्घिकेत कृष्णविवरापासून निघालेला वायूचा प्रवाह एका घन मेघाला जाऊन भिडतो आणि तिथे नवे तारे जन्मताना दिसतात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वायू हळुवारपणे दाबला गेला तर तारे बनतात, तापवला गेला तर बनत नाहीत. तेव्हा कृष्णविवराला मारेकरी म्हणणे जितके चूक, तितकेच त्याला उपकारकर्ता म्हणणेही. परिणाम ठरतो तो ऊर्जा किती, कोणत्या वेगाने, आणि कोणत्या वायूला मिळाली यावर.

ही चर्चा केवळ तज्ज्ञांच्या घरातली नाही, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. पुढची दुर्बीण कशी बांधायची, तिने काय मोजायचे, हे आपण मनात धरलेल्या चित्रावरून ठरते. स्फोटाचे चित्र धरले तर आपण सर्वांत तेजस्वी वस्तूंच्या मागे लागू आणि प्रत्येक वेगवान वाऱ्याला दीर्घिकेचा मृत्युलेख समजू. धगीचे चित्र धरले तर वायूची मंद खळबळ मोजणारी क्ष-किरण उपकरणे लागतील, विझलेल्या झोतांचे अवशेष टिपणाऱ्या कमी वारंवारतेच्या रेडिओ दुर्बिणी लागतील, आणि एकाच आकाशाकडे वर्षानुवर्षे पाहत राहण्याची तयारी लागेल. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या प्रकल्पातील सहभागासाठी भारताने २०२४ मध्ये १,२५० कोटी रुपये मंजूर केले. खोडदला मिळालेला अनुभव त्या सहभागाचा पाया आहे. या पैशाचे समर्थन करताना ‘विश्वातले राक्षस शोधू’ असे सांगणे सोपे आहे, आणि टाळ्याही मिळतील. पण अधिक खरे आणि अधिक मोलाचे कारण दुसरे आहे: विश्वातील मोठमोठ्या दीर्घिकांची वाढ कशी आटोक्यात राहिली हे समजून घ्यायचे, तर दशकानुदशके धीराने केलेली मोजमापेच ते सांगू शकतील. तशी मोजमापे करणारी माणसे आणि यंत्रे पुणे जिल्ह्यात आज आहेत. त्यांना सलग आणि पुरेसा पाठिंबा मिळत राहिला पाहिजे.